द्राक्षाची काडी आणि ज्ञानाचे कुलूप

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेला महामार्ग निफाड ओलांडून पुढे जातो, तेथे विंचूर लागते. पानिपतच्या रणात झुंजलेले पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्यामुळे हे गाव मराठ्यांच्या इतिहासाला परिचित आहे. अलीकडच्या काळात मात्र उद्योगजगतात त्याची ओळख वेगळ्याच कारणाने झाली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि त्यानुसार औद्योगिक विकास महामंडळाने दोन ठिकाणी वाईन पार्क उभारले. एक सांगली जिल्ह्यातील पलूस येथे, दुसरे विंचूर येथे. विंचूरच्या पार्कला गोदावरीचे नाव मिळाले.

उत्पादन शुल्कात सवलत, परवान्यांची सुलभ पद्धत, भूखंड, रस्ते, पाणी आणि वीज असे सर्व काही देऊ करण्यात आले. द्राक्षाचे पीक भरघोस आले की भाव कोसळतात, म्हणून प्रक्रिया उद्योग उभा राहिला तर शेतकऱ्याला दुसरा आधार मिळेल, हा त्यामागचा हेतू स्वच्छ होता. पहिल्या काही वर्षांत उत्साह मोठा होता. अनेक बागाइतदारांनी खाण्याची द्राक्षे सोडून वाईनच्या जाती लावल्या. काहींनी स्वतःच छोट्या वायनरी काढल्या. मग २००८ साल उजाडले. जागतिक मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि पर्यटन व हॉटेल व्यवसाय गारठला. टाक्यांमध्ये माल पडून राहिला, छोट्या वायनरींना नवी द्राक्षे घेणे अशक्य झाले आणि शेतकऱ्यांच्या बागेत माल उभा राहिला. वाईनची द्राक्षे लहान मण्यांची, बियांची आणि जाड सालीची. ती खाण्याच्या बाजारात कोणी घेत नाही आणि त्यांचा चांगला बेदाणाही होत नाही. अनेकांना उभ्या वेलींवर कुऱ्हाड चालवावी लागली.

या घटनेचे खापर मंदीवर फोडून मोकळे होणे सोपे आहे. मंदी ही खरीच होती. पण ज्या निफाड तालुक्यात हे घडले, त्याच तालुक्याने त्याआधीची ऐंशी वर्षे कोणत्याही पार्कशिवाय आणि विशेष सवलतींच्या धोरणाशिवाय द्राक्षाची एक भक्कम अर्थव्यवस्था उभी केली होती. तिलाही संकटे आली. अवकाळी पाऊस आला, गारपीट आली, परदेशातून माल नाकारला गेला. तरी ती प्रत्येक वेळी सावरली. एकाच मातीत एक प्रयोग रुजतो आणि दुसरा पहिल्याच तडाख्यात कोलमडतो, याचे कारण तपासायला हवे. ते कारण भांडवलात किंवा यंत्रसामग्रीत पूर्णपणे सापडत नाही. ज्ञान कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या अटीवर वाहते, या प्रश्नात त्याचा मोठा भाग दडलेला आहे.

काड्यांनी घडवलेली श्रीमंती

नाशिक परिसरातील द्राक्षशेतीचा इतिहास निफाड तालुक्यातच सुरू होतो. ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायखे यांनी १९२५ साली द्राक्षाचे पीक घेतले, अशी नोंद आहे. पुढे बिनबियांच्या थॉमसन सीडलेस या जातीने महाराष्ट्रातील द्राक्षशेतीचे रूप पालटले. ही जात परदेशी. पण पुढची कहाणी अस्सल इथली आहे. सांगली जिल्ह्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतील वेगळा दिसणारा वेल हेरला, तो जोपासला आणि त्यातून ‘तास-ए-गणेश’ ही जात पुढे आली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी अशाच चिकाटीने ‘सोनाका’ निवडली. ‘शरद सीडलेस’ हीदेखील त्यांचीच देणगी. प्रयोगशाळेची पांढरी वस्त्रे न घालता, रोज पहाटे बागेत फिरणाऱ्या डोळ्यांनी केलेले हे संशोधन होते.

या जाती सांगली-सोलापुरातून निफाड-दिंडोरीपर्यंत पोहोचल्या, त्या काड्यांच्या मोळ्या बांधून. छाटणीनंतर उरलेल्या काड्या एका बागेतून दुसऱ्या बागेत गेल्या, पाहुण्यांच्या गाडीतून गेल्या, सोयरिकीतून गेल्या. काडीबरोबर अनुभवही गेला. एप्रिलची खरड छाटणी किती डोळ्यांवर घ्यायची, ऑक्टोबरची गोडी छाटणी पावसाचा अंदाज पाहून किती पुढे ढकलायची, जिब्रेलिक आम्लात घड कधी बुडवायचे, हे कोणी गुपित म्हणून ठेवले नाही. वर्षातून दोनदा छाटणी आणि एकदाच पीक ही उष्ण कटिबंधाला साजेशी पद्धत महाराष्ट्रात रुळली, ती अशाच देवघेवीतून. जमिनी खारवल्या आणि पाणी तुटू लागले, तेव्हा ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करण्याची पद्धत गावोगावी पसरली, तीही याच मार्गाने.

या देवघेवीला संस्थेचे रूप महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाइतदार संघाने दिले. हा संघ १९६० च्या सुमारास शेतकऱ्यांनीच उभा केला. परिसंवाद, बागांच्या भेटी, ‘द्राक्षवृत्त’ मासिक आणि परदेशी तज्ज्ञांना थेट बांधावर आणणे, असा त्याचा शिरस्ता. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीला सुरू झाले ते १९९७ साली. म्हणजे शासकीय संशोधन येण्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनी आपले विद्यापीठ उघडले होते. त्याला भिंती नव्हत्या.

संकटकाळात याच सवयीने तारले. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि निर्यात धोक्यात आली. त्यातून उर्वरित अंशांवर देखरेखीची व्यवस्था उभी राहिली आणि २००६ मध्ये अपेडाने ‘ग्रेपनेट’ सुरू केले. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद, प्रत्येक नमुन्याची तपासणी आणि पेटीपासून प्लॉटपर्यंत माग काढण्याची सोय त्यात आली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे पुन्हा मोठा फटका बसला. तरीही पुढच्या हंगामांत निर्यात सावरली. माहिती लपवण्याऐवजी सर्वांनी ती वाटून घेतली, म्हणून हे शक्य झाले. एकाच्या चुकीने सर्वांचे नाव बुडते, हे ओळखणाऱ्या समाजालाच अशी शिस्त परवडते.

तिकडे नवे, इकडे जुने

अमेरिकी अभ्यासक हेन्री चेसब्रो यांनी २००३ साली एक ग्रंथ लिहून ‘ओपन इनोव्हेशन’, म्हणजे खुला नवोन्मेष, ही संज्ञा व्यवस्थापनशास्त्रात रूढ केली. तिचा आशय साधा आहे. कोणतीही कंपनी कितीही मोठी असली, तरी सर्व शहाणी माणसे तिच्या पगारपत्रकावर नसतात. तेव्हा संशोधनाची दारे बंद ठेवण्यापेक्षा बाहेरच्या कल्पना आत घ्याव्यात आणि आतल्या न वापरलेल्या कल्पना बाहेर जाऊ द्याव्यात. प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या बलाढ्य कंपनीने आपल्या निम्म्या नव्या कल्पना बाहेरून मिळवण्याचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा जगभर त्याचा गाजावाजा झाला.

आपल्याकडे या विचाराचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. दिल्याने वाढते ते ज्ञान, ही धारणा या भूमीत पुरातन आहे. आर्वे आणि काळे यांच्या पिढीने ती व्यवस्थापनाच्या वर्गात शिकली नव्हती. शेजाऱ्याची बाग फुलली तर आपलेही भले होते, हा समाजधर्म त्यांनी पाळला. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईत एकात्म मानवदर्शनाची मांडणी केली. व्यक्ती आणि समाज हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून पूरक आहेत, हे त्या मांडणीचे सूत्र. निफाडच्या बागांमध्ये ते सूत्र अर्थशास्त्राच्या भाषेत उतरलेले दिसते.

याच महामार्गावर विंचूरच्या पुढे येवला आहे. तेथील पैठणी जगप्रसिद्ध. येवल्याच्या रेशीम विणकामाला दीर्घकाळ राजसनदेचे संरक्षण होते आणि नव्याने येणाऱ्याला तो धंदा सहजासहजी करता येत नसे. ही मक्तेदारी १८६४ पर्यंत टिकली आणि मग न्यायालयात ढासळली. नव्या गावात येऊन वसलेल्या कारागिरांना स्थैर्य देण्यासाठी तिचा उपयोग झाला असेल, हे मान्य करावे लागेल. परंतु मक्तेदारी गेल्यावर पैठणी बुडाली नाही, हेही तितकेच खरे. येवला आणि आसपासच्या गावांत हातमाग आजही चालतात. २०१० साली पैठणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो एखाद्या घराण्याच्या मालकीचा नाही. तो त्या परिसरातील सर्व विणकरांचा आहे. नाशिकची द्राक्षे, नाशिक खोऱ्यातील वाईन आणि लासलगावचा कांदा यांनाही असाच निर्देशांक लाभला आहे. आतल्यांना मोकळीक आणि बाहेरच्या नकलेला अटकाव, अशी ही मधली वाट आहे आणि ती आपल्या स्वभावाला मानवणारी आहे.

वाईन पार्कमध्ये काय चुकले

आता विंचूरकडे पुन्हा पाहावे. वाईनची द्राक्षे लावणाऱ्या शेतकऱ्याकडे काडी आली, पण तिच्याबरोबर येणारे ज्ञान आले नाही. वाईन कशी मुरते, तिची प्रत कशावर ठरते, कोणता ग्राहक ती घेतो आणि मागणी किती, हे सारे कारखान्याच्या फाटकाआड राहिले. शेतकऱ्याने शर्करेचे प्रमाण सांभाळून माल पोहोचवायचा, एवढीच त्याची भूमिका. खाण्याच्या द्राक्षात तो स्वतः निरीक्षक होता, संशोधक होता, व्यापाऱ्याशी घासाघीस करणारा होता. येथे तो केवळ पुरवठादार झाला. आणि पुरवठादाराला ग्राहक एकच असेल, तर ग्राहक बुडाला की तोही बुडतो.

छोट्या वायनरींचीही तीच गत. शेजारी शेजारी भूखंड घेऊनही प्रत्येकाने स्वतंत्र यंत्रे, स्वतंत्र टाक्या, स्वतंत्र नाममुद्रा आणि स्वतंत्र कर्ज घेतले. ज्यांच्याकडे भांडवल आणि बाजाराची ओळख होती ते तगले. बाकीच्यांचे कर्ज तेवढे उरले. शासनाने उद्योगांना एका कुंपणात आणले. एका कुटुंबात आणणे हे शासनाचे काम नव्हते आणि ते कोणीच केले नाही.

लासलगावची कथा आणखी बोलकी आहे. विंचूर हे लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगावला ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. कांद्याला कोंब फुटू नयेत, हा त्याचा मुख्य उद्देश. तंत्र निर्दोष, शास्त्रज्ञ स्वदेशी, हेतू उदात्त. पण कांदा हे स्वस्त आणि अवजड पीक. ते केंद्रापर्यंत न्यायचे, विकिरण करायचे, पुन्हा साठवायचे, हा खर्च सामान्य शेतकऱ्याच्या हिशोबात बसला नाही. त्याने आपली हवेशीर कांदा चाळच सुधारली. आणि त्या केंद्राचे मोठे यश आले ते आंब्यात. २००७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याला मान्यता दिली आणि हापूस तेथून अमेरिकेला रवाना झाला. ज्याच्यासाठी साधन तयार करायचे, त्याच्या हिशोबाची वही आधी उघडून पाहावी, हा या अनुभवाचा धडा. शेतकऱ्याला प्रयोगात सहभागी करून घेतले असते, तर हा खर्चाचा प्रश्न पहिल्याच बैठकीत पुढे आला असता.

उघड्या दारातून कोण काय नेते

तथापि ‘खुले’ म्हणजे सर्व काही उघड्यावर टाकणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. दार उघडे असले की चोरही येतो. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवले. आजीच्या बटव्यातील ज्ञान जुन्या ग्रंथांतून पुराव्यानिशी मांडता आले, म्हणून तो लढा जिंकता आला.

घरच्या घरीही अन्याय होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी दीड एकराच्या तुटपुंज्या शेतात निवडीतून ‘एचएमटी’ हे भाताचे वाण तयार केले. ते वाण अनेक राज्यांत पसरले, कृषी विद्यापीठाने ते शुद्ध करून आपल्या नावे प्रसारित केले, तांदळाचे व्यापारी संपन्न झाले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा गौरव केला. पण २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले ते हलाखीतच. ज्याने मुक्तहस्ताने दिले त्याला समाजाने परत काय दिले, या प्रश्नाचे उत्तर देताना मान खाली जाते. देणाऱ्याचे ऋण न फेडणारा समाज पुढच्या पिढीला देण्यापासून परावृत्त करतो.

आज हा प्रश्न द्राक्षबागांच्या दाराशी उभा आहे. युरोपातील मोठ्या दुकानांना नव्या चवीच्या, नव्या रंगाच्या, टिकाऊ जाती हव्या आहेत. अशा बहुतेक जाती परदेशी पैदासकारांच्या मालकीच्या आहेत. त्या लावायच्या तर करार करावा लागतो, स्वामित्वशुल्क द्यावे लागते आणि काडी शेजाऱ्याला देता येत नाही. ज्या काडीने निफाडला श्रीमंत केले, तीच आता कुलपात जाणार आहे.

पैदासकारांची बाजूही ऐकली पाहिजे. एक नवी जात घडवायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि पैसा लागतो. मोबदला मिळणार नसेल तर हे काम कोण करील? हा युक्तिवाद खोटा नाही. शिवाय थॉमसनच्या जुन्या जातींवर सगळी निर्यात किती काळ चालेल, ही चिंताही रास्त आहे. म्हणून परकीय जातींना सरसकट नकार देणे हे शहाणपणाचे होणार नाही. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी या बाबतीत वाट दाखवते. तिने ‘आरा’ मालिकेतील परदेशी जाती आणल्या, पण करार हजारो शेतकऱ्यांच्या वतीने एकत्र केला. एकटा बागाइतदार परदेशी कंपनीसमोर याचक असतो. संघटित शेतकरी व्यवहार करतो.

कायदाही शेतकऱ्याच्या पाठीशी आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि नाममुद्रेविना देवघेव करण्याचा हक्क दिला आहे. शेतकऱ्याने स्वतः विकसित केलेल्या वाणाची नोंदणीही त्यात करता येते. तरीही २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या एका वाणावरून गुजरातमधील शेतकऱ्यांना न्यायालयात खेचले. देशभर संताप उसळल्यावर दावे मागे घेतले गेले. त्या वाणाची नोंदणी २०२१ मध्ये रद्द झाली. २०२४ च्या आरंभी दिल्ली उच्च न्यायालयाने ती पुन्हा ग्राह्य धरली. हक्क कागदावर असणे आणि तो बजावण्याची ताकद असणे, यांतील अंतर संघटनेनेच भरून निघते. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९७९ मध्ये भारतीय किसान संघाची आणि १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंचाची स्थापना केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हेच आव्हान होते.

विंचूरसाठी दिशा

मग विंचूरने काय करावे? पहिली गोष्ट, वाईन पार्कची ओळख केवळ वाईनपुरती का ठेवावी? मद्याला समाजमान्यता मिळवून देण्याविषयी अनेक कुटुंबांच्या मनात अढी आहे आणि ती अनाठायी नाही. जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन राज्य सरकारने किराणा व सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा तिचा प्रत्यय आला. परंतु द्राक्षातून रस होतो, मनुका व बेदाणा होतो, शिरका होतो, बियांचे तेल निघते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने रसासाठी उपयुक्त अशी ‘एआरआय-५१६’ ही संकरित जात दिली आहे. मांजरीच्या केंद्राने रसासाठी ‘मांजरी मेडिका’ दिली आहे. ही सार्वजनिक पैशातून, स्वदेशी शास्त्रज्ञांच्या श्रमातून झालेली निर्मिती. तिच्यासाठी विंचूरच्या रिकाम्या भूखंडांवर रस काढण्याची, गाळण्याची, बाटलीबंद करण्याची एक सामाईक सोय उभी राहिली, तर दहा शेतकऱ्यांचा गटही आपला प्रयोग करून पाहू शकेल. दहांतले आठ प्रयोग फसतील. पण कोणाची जमीन गहाण पडणार नाही.

दुसरी गोष्ट, फसलेल्या प्रयोगांचीही नोंद व्हावी. २००८ नंतर कोणत्या जाती उपटल्या गेल्या, कोणत्या कराराने घात केला, कोणत्या बँकेच्या अटी जाचक ठरल्या, हे ज्यांनी भोगले ते आजही आपल्या गावात आहेत. त्यांचा अनुभव हे त्या परिसराचे भांडवल आहे. यश सांगायला सगळेच पुढे येतात. अपयश मोकळेपणाने सांगता येईल असे व्यासपीठ बागाइतदार संघ, कृषी विज्ञान केंद्र आणि महाविद्यालये मिळून उभारू शकतात.

तिसरी गोष्ट, शेतकऱ्यांनी निवडलेल्या वाणांची नोंदणी त्यांच्या नावे व्हावी. कोणाच्या बागेत वेगळा वेल दिसला, तर तो शास्त्रज्ञाला दाखवण्याची, तपासून घेण्याची आणि कायद्याने आपला हक्क नोंदवण्याची वाट त्याला कोणीतरी दाखवावी. काडी जरूर द्यावी, पण नाव गमावून देऊ नये. आणि ज्या सहकारी वा उत्पादक संस्थेला त्या जातीतून लाभ होतो, तिने लाभाचा काही अंश निवड करणाऱ्याच्या घरी पोहोचवावा. दादाजी खोब्रागडे यांच्या वाट्याला जे आले, ते निफाडच्या एखाद्या तरुण बागाइतदाराच्या वाट्याला येऊ नये.

ही कामे एकट्या शासनावर सोपवून भागणार नाही. शासन भूखंड देऊ शकते, अनुदान देऊ शकते, कायदा करू शकते. शेजाऱ्यावर विश्वास ठेवायला ते शिकवू शकत नाही. तो संस्कार समाजाचा. निफाडच्या शेतकऱ्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. शहरात शिकून अभियंता, व्यवस्थापन तज्ज्ञ, वकील झालेली त्याची मुले आज पुण्या-मुंबईत आणि परदेशात आहेत. करारातील बारीक अक्षर वाचायला, नोंदणीचे अर्ज भरायला, रसाच्या बाटलीला ग्राहक शोधायला त्यांचीच गरज आहे. सुटीत गावी गेल्यावर बागेत फेरफटका मारताना त्यांनी वडिलांना एवढेच विचारावे : ही काडी कोठून आली होती आणि पुढच्या वर्षी ती कोणाला देता येईल? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणालाच नाही’ असे येऊ लागले, तर विंचूरच्या परिसराने काय गमावले ते समजायला वेळ लागणार नाही. ते तसे येऊ नये, यासाठी आजच कामाला लागले पाहिजे.